बिनपेटीचा रहाट

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावे पडायची होती आणि जनावरे माणसांशी बोलायला लाजत नसत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका उंच पठारावर एक राज्य होते. जमीन काळीभोर, माणसे कष्टाळू, पण नदी खोल दरीत. गावे वर आणि पाणी खाली. म्हणून प्रत्येक गावाच्या कड्यावर एक रहाट असे. बैल गोल फिरत, चाके फिरत, आणि मडक्यांची माळ दरीत उतरून भरून वर येई. रहाट फिरला तर गाव हसे. रहाट थांबला तर बाया डोक्यावर घागरी घेऊन कड्याची वाट चढत-उतरत राहत, आणि त्या दिवसांत गावात कुणी कुणाशी धड बोलत नसे.

हे रहाट राजधानीतल्या यंत्रशाळेत तयार होत. बैलाच्या फिरण्याने मडकी ज्यांच्यामुळे चढत, ती चाके एका भक्कम सागवानी पेटीत बंद असत. पेटीवर यंत्रशाळेची लाखेची मोहोर. कुणी मोहोर फोडली, तर यंत्रशाळेची माणसे येऊन अख्खा रहाट उचलून नेत. "तुम्हाला पाणी दिलंय, पेटी नाही दिली," असे ते म्हणत.

मग रहाट अडला, की गावकरी काय करत? आधी बैल थांबवत. मग रहाट थोडा उलटा फिरवत. मग पुन्हा सुलटा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो चालू होई, आणि का चालू झाला हे कुणालाही कळत नसे. नाही झाला, तर पेटीला लिंबू-मिरची बांधत. तरीही नाही झाला, तर राजधानीला निरोप धाडत. यंत्रशाळेचा माणूस आपल्या सवडीने येई, पेटीभोवती पडदा लावी, आत खुडबुड करी आणि जाताना सांगे, "पेटी जुनी झाली. नवी घ्या."

नवी पेटी आली, की तिला जुनी मडकी बसत नसत. जुन्यांचे गळे गोल, आणि नवीला चौकोनी गळ्याची मडकी लागत. "असं का हो?" असे कुणी विचारले, तर उत्तर येई, "ही सुधारणा आहे." फिरत्या चाकावर चौकोनी गळा कसा काढायचा, हे कुठल्याच कुंभाराला साधत नसे. त्यामुळे मडकीही यंत्रशाळेकडूनच घ्यावी लागत.

कड्याच्या टोकाला असलेल्या एका गावात एका सुताराची लेक होती. पोर हुशार. गावाने मोठ्या आशेने तिला यंत्रशाळेत शिकायला पाठवले. पुष्कळ वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ती परत आली. तेव्हा गावाचा रहाट थांबलेला होता आणि सगळा गाव पारावर तिची वाट बघत बसला होता.

"आलीस बाई!" कुंभारीण उठून म्हणाली. "आता बघ कसा फिरतो तो. काय काय शिकलीस गं?"

"दाते कोरायला शिकले, मावशी. लाकडी चाकाचे दाते."

"बरं. आणखी?"

"दातेच."

लोहाराने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं, आणि नुसते दाते? अगं, तेवढ्या वेळात आमच्या आजीचे सगळे पडले!"

पार हसला. मुलगीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "काका, तिथं प्रत्येक शिष्य चटईच्या आडोशाला बसतो. मी दाते कोरायची. पलीकडचा कोण जाणे काय करायचा. माझा दाता कुठे बसतो, हे मी एकदाही पाहिलं नाही. विचारलं, तर गुरुजी म्हणायचे, गुपित विचारायचं नसतं. वर शपथही घेतली, की इथलं शिकलेलं बाहेर सांगणार नाही."

"मग मोड की शपथ," गाडीवान म्हणाला. तो बैल हाकून हाकून राकट झालेला माणूस होता. "देव काही पेटीत बसलेला नाही."

"शपथ मोडणार नाही, दादा. त्यांनी शिकवलेला एकही दाता मी कोरणार नाही. पण नव्याने विचार करणार नाही, अशी शपथ काही मी घेतलेली नाही. आपण आपला रहाट करू. फक्त मला एकटीला तो येत नाही. तुम्ही सगळे शिकवलंत तर येईल."

शिकून आलेल्या माणसाने "मला येत नाही" म्हटलेले गावाने याआधी ऐकले नव्हते.

पहिला बोलला तो गाडीवानच. "दाते नकोत ना? मग माझ्या गाडीचं चाक घे. त्याचे आरे लोखंडी धावेच्या बाहेर काढ बोटबोटभर. एका चाकाचे आरे दुसऱ्याच्या आऱ्यांत अडकतील, फिरतील. एखादा मोडला, तर तेवढाच बदलायचा. त्यासाठी अख्खं चाक कशाला टाकायचं?"

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने वडिलांची हत्यारे बाहेर काढली: वाकस, पटाशी, करवत, रंधा. लोहाराने आस घडवला. कुंभारणीने गोल गळ्याची मडकी केली आणि भरलेले मडके किती जड होते ते हातात तोलून सांगितले. पोरेटोरे वंगण घोटत बसली. आणि एके सकाळी बैल जुंपले, आरे आऱ्यांत अडकले, खडखड करत रहाट फिरला, आणि पाणी वर आले.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! लोक पन्हळीतल्या पाण्यात अंगावरच्या कपड्यांसकट उभे राहिले.

मुलगी पारावर चढली आणि म्हणाली, "या रहाटाला पेटी नाही. ज्याला बघायचंय त्याने बघावं. ज्याला सुधारायचंय त्याने सुधारावं. परक्या गावाचा आला तर त्यालाही दाखवावं. अट एकच. जे बदलाल ते या पारावर येऊन सांगायचं, आणि कुणी मागितलं तर द्यायचं. झाकायचं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ते सुधारायला लागले.

वाचकहो, इथेच घोटाळा झाला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या पेटीला हात लावला नव्हता, त्यांना आता हात आवरेनात. एकाच सकाळी कुंभारणीने जास्त पाणी यावे म्हणून मोठी मडकी लावली. लोहाराने मजबुतीसाठी आस जाड केला. गाडीवानाने बैलांना फेरा कमी पडावा म्हणून दांडा आखूड केला. तिघांनीही चांगल्या हेतूने केले, आणि तिघांनीही पारावर सांगायचे ते संध्याकाळवर टाकले. बैल जुंपले मात्र, अख्खी माळ कड्यावर आपटली आणि सगळी मडकी फुटली.

"तुझ्या त्या रांजणांनी घात केला!" लोहार ओरडला.

"रांजण म्हणतोस? आणि तुझा आस आहे की देवळाचा खांब?" कुंभारीण फणकारली.

"दोघं भांडा. बैल माझे लंगडले," गाडीवान म्हणाला.

गर्दीतून कुणीतरी पुटपुटले, "म्हणूनच पेटी असते."

ते शब्द मुलीच्या वर्मी लागले. लोक घरी गेल्यावर तिने चार फळ्या उचलल्या आणि रहाटाच्या चाकांभोवती ठोकायला घेतल्या. एक फळी ठोकून झाली. दुसरी उचलली, तोच वडाच्या फांदीवरून आवाज आला.

"झाक, झाक. छान झाक. मग मी रोज सकाळी बघू काय?"

फांदीवर एक वानर शेपूट सोडून बसला होता.

"माकडा, तुला काय त्यातलं कळतं?" मुलगी चिडून म्हणाली.

"वानर म्हण. माकडं खालच्या आळीला राहतात," तो म्हणाला. "आणि कळत नसेल, पण दिसतं. आज तुझ्या चाकाची पाचर सैल होती, ती मला दिसली. तुम्ही भांडत बसला होतात, मला कोण विचारतो! मी शेपूट घालून पाहिलं, तर निघालीच."

"तू पाचर काढलीस?"

"सैल होती म्हणून निघाली. घट्ट असती तर शेपूट माझंच तुटलं असतं."

मुलगी हातातल्या फळीकडे बघत राहिली. फळी ठोकली असती, तर ती पाचर सैलच राहिली असती, आणि कुणाला कधी दिसली नसती. तिने फळी खाली ठेवली. ठोकलेलीही उपटून काढली.

दुसऱ्या दिवशी पारावर तिने नवी रीत सांगितली. ओढ्याकाठी एक चिमुकला रहाट करायचा, वाटीएवढ्या मडक्यांचा. ज्याला काही सुधारायचे असेल, त्याने आधी तिथे करून दाखवायचे. एका वेळी एकानेच. दुसऱ्या दोघांनी तो फिरवून पाहायचा. आणि मग तो वानराच्या ताब्यात द्यायचा.

"वानराच्या?" लोहार किंचाळला.

"होय काका. त्याला मोडता आला नाही, तरच मोठ्या रहाटावर चढवायचं. आणि मोडला, तर त्याला मूठभर फुटाणे द्यायचे."

"मोडल्याबद्दल फुटाणे?"

"कुठे मोडतो ते दाखवल्याबद्दल."

त्या दिवसापासून वानर गावाचा मानकरी झाला. तो शेपूट घाली, दगड घाली, उलटा लटके, आणि काही मोडले की टुणकन उडी मारून म्हणे, "आणा फुटाणे!" सुरुवातीला लोहाराला त्याचा इतका राग येई, की तो फुटाणे फेकून मारी. पण हळूहळू वानराला फुटाणे मिळेनासे झाले. रहाट इतका पक्का झाला होता.

शेजारच्या गावांनी ऐकले आणि माणसे पाहायला येऊ लागली. कुणी काठीवर माप घेऊन गेले, कुणी नुसते डोळ्यांत साठवून गेले. एका गावाचा बैल फार हट्टी होता. मध्येच थांबला, की भरलेली माळ गडगडत खाली जाई. त्या गावाने एक लाकडी खीळ बसवली. ती चाकाला पुढे जाऊ देई, मागे येऊ देत नसे. आणि अटीप्रमाणे ती खीळ दाखवायला ते लोक दोन डोंगर ओलांडून आले. मुलीने त्यांच्यासाठी पुरणपोळी केली. स्वतः कधी विचारही केला नव्हता, अशी गोष्ट आपल्याच रहाटावर बघण्यासारखा दुसरा आनंद नाही.

पाहता पाहता गावोगाव बिनपेटीचे रहाट उभे राहिले. कुठेच दोन रहाट अगदी सारखे नव्हते, पण सगळे एकमेकांचे नातलग होते.

यंत्रशाळेचे प्रमुख यंत्राचार्य मात्र संतापले. ते थेट राणीच्या दरबारात गेले.

"राणीसाहेब, राज्य धोक्यात आहे! उघडा रहाट म्हणजे उघडं दार. ज्याची चाकं दिसतात, तो कुणीही मोडेल. शत्रू मोडेल, चोर मोडेल. अहो, माकडसुद्धा मोडेल!"

"वानर," गर्दीतून कुणीतरी म्हणाले. कुणी म्हटले ते शेवटपर्यंत कळले नाही.

राणी शहाणी होती. तिने सुताराच्या लेकीला बोलावून घेतले आणि दोघांच्या समोर कसोटी सांगितली. "राजधानीच्या कड्यावर दोन रहाट शेजारी शेजारी लावा. एक पेटीचा, एक बिनपेटीचा. दोन्हींपाशी दोन सारखे हौद. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दोन्ही चालतील. आणि आचार्य, उघड्या रहाटाला मोडणं सोपं म्हणता ना? मग तुमची माणसं तो मोडायचा प्रयत्न करू देत. पोरी, तूही त्यांचा मोड."

"आम्हाला तो मोडायचा नाही," मुलगी म्हणाली. "बघायचा आहे."

"मोहोर फुटणार नाही!" यंत्राचार्य गरजले.

"मग राहू द्या," राणी म्हणाली. "पण ऐक, मुली. हरलात, तर गावोगावचे हे रहाट होळीत जातील, तुझी हत्यारं यंत्रशाळेत जमा होतील, आणि तू जन्मात पुन्हा लाकडाला हात लावणार नाहीस. कबूल?"

मुलीने कमरेच्या पटाशीवर हात ठेवला. तिच्या वडिलांच्या अंगठ्याने त्या मुठीत खळगा पडला होता.

"कबूल. आणि जिंकलो तर?"

"माग."

"राज्यातल्या प्रत्येक पेटीचं झाकण."

राणीने भुवई उंचावली आणि मान हलवली.

तो दिवस उजाडला तेव्हा कड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लांबलांबच्या गावांची माणसे भाकऱ्या बांधून आली होती. पेटीचा रहाट तेल लावून चकचकीत केलेला होता आणि तो सुरूही झाला झोकात, आवाज न करता, जसा लोण्यातून हात फिरावा. बिनपेटीचा खडखडत होता. त्याच्या आवाजाला राजधानीतली माणसे हसली.

मग यंत्रशाळेची माणसे त्याला मोडायला पुढे आली. एकाने आसात मूठभर वाळू टाकली. ती आसावरच्या चामड्याच्या झालरीवरून घसरून खाली पडली. "आमच्या गावची झालर!" गर्दीतून आरोळी आली. दुसऱ्याने मडकी बांधायचा दोर कापला. एकच मडके खाली गेले, बाकीची जागच्या जागी राहिली, कारण कुणीतरी कधीतरी प्रत्येक मडक्याला वेगळी गाठ मारायची युक्ती काढली होती. तिसऱ्याने ढोल बडवून बैल बुजवले. बैल थांबले, पण माळ मागे गेली नाही. खिळीने ती धरून ठेवली होती. दरवेळी कुठल्या तरी गावाची माणसे नाचत होती.

शेवटी एक शांत, धारदार नजरेचा यंत्रकार पुढे झाला. त्याने बराच वेळ चाकाकडे पाहिले. मग फिरत्या चाकाच्या लयीत हात घातला आणि शेजारशेजारचे दोन आरे एकदम उपटले.

असे तर वानरानेही कधी केले नव्हते. चाकात मोठी फट पडली. दुसऱ्या चाकाचा आरा त्या फटीत गपकन अडकला. रहाट थांबला.

मुलगी धावली. एक आरा बसवणे तर तिला येत होते, पण दोन एकदम बसवायला चाकच उतरवावे लागणार, आणि त्यात अर्धा दिवस जाणार. शेजारी पेटीचा रहाट संथपणे पाणी ओतत होता. यंत्राचार्यांनी मिशीवर ताव दिला आणि हत्यारे घेऊन जायला माणूस पुढे पाठवला.

"ए, सरका की जरा!"

गर्दी फोडून एक बाई पुढे आली. पदर खोचलेला, खांद्यावर लाकडांचा भारा. तिला तिथे कुणीही ओळखत नव्हते.

"आमच्याकडं दोन आरे एकदम तुटायचे," ती गुडघे टेकत म्हणाली. "चाक उतरवत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून मी हे केलं." तिने मधोमध चिरलेला एक आरा काढला, दोन्ही भोकांत त्याचे दोन पाय एकदम ठोकले आणि मधे पाचर मारली. "हाका बैल!"

बैल निघाले. रहाट खडखडला, आणि पाणी वर आले.

मुलगी आश्चर्याने म्हणाली, "ताई, हे मला ठाऊकच नव्हतं!"

"मग आता झालं की!" बाई म्हणाली आणि हात झटकून आपली भाकरी सोडायला गेली.

अहो, कडा दुमदुमला! लोकांनी पागोटी उडवली, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मुलगीही नाचली. आपला रहाट आपल्यापेक्षा मोठा झाला, हे तिने त्या क्षणी डोळ्यांनी पाहिले.

आणि त्याच वेळी, कुणी हात न लावता, पेटीच्या रहाटातून एक लांब किंकाळी आली. तो थरथरला आणि बंद पडला.

यंत्राचार्यांनी बैल थांबवले. रहाट उलटा फिरवला. सुलटा फिरवला. काही होईना. मग घाईघाईने पडदा लावला. आतून आवाज येत होते. "दाते ठीक आहेत, मी कोरलेत." "खुंट्याही ठीक आहेत." "मग बिघडलं काय?" "मला माझ्यापुरतं माहीत." "मग सगळं कुणाला माहीत?"

सूर्य टेकला. एक हौद काठोकाठ भरून वाहत होता, दुसरा अर्धाही भरला नव्हता. राणी उभी राहिली.

"निकाल लागला. झाकण उघडा."

"राणीसाहेब, गुपित उघडं पडलं तर यंत्राची शक्ती जाईल!"

"गेलेलीच आहे ती, आचार्य. उघडा."

मोहोर फुटली. झाकण निघाले. यंत्रशाळेचे शिष्य, चटयांच्या आडोशाला म्हातारे झालेले, हळूहळू पुढे आले. एक पांढऱ्या केसांचा शिष्य वाकला आणि त्याने एका बोटाने चाकाला स्पर्श केला.

"हा माझा दाता," तो म्हणाला. "हा माझा आहे. तो इथे बसतो होय?"

"आणि त्याच्या शेजारची खुंटी माझी!" दुसरा म्हणाला. "म्हणजे आपण जन्मभर शेजारी होतो की रे!"

दोघे एकमेकांकडे बघत हसू लागले आणि हसता हसता रडू लागले.

तेवढ्यात कुंभारीण वाकून म्हणाली, "अगंबाई, हे काय गुंडाळलंय आसाला?"

आसाभोवती एक काळे, तेलकट फडके पीळ पडून घट्ट आवळले गेले होते. त्यानेच रहाट अडवला होता.

"हात लावू नका!" यंत्राचार्य ओरडले. "तेच मूळ गुपित! माझ्या गुरूंनी मला बंद दाराआड दिलं. त्यांना त्यांच्या गुरूंनी. प्रत्येक नव्या पेटीत मी ते स्वतःच्या हाताने ठेवतो."

"प्रत्येक पेटीत?"

"प्रत्येक! पहिल्या यंत्रकाराच्या पहिल्या पेटीत ते होतं."

कुंभारणीने फडके चिमटीत धरून वास घेतला. "आचार्य, हे हात पुसायचं फडकं आहे. त्याने ते ठेवलं होतं, की विसरला होता?"

यंत्राचार्य वाकून फडक्याकडे बघू लागले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"गुपित," ते अगदी हळू म्हणाले, "विचारायचं नसतं."

पहिली हसली ती राणी. मग सगळा कडा हसला. पण ज्या बायांनी वर्षानुवर्षे घागरी वाहिल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्या एका फडक्यापायी किती मैल चाललो, ते त्या मनात मोजत होत्या. एका माणसाची एक साधी चूक. कुणी झाकण उघडून पाहिले असते, तर पहिल्याच दिवशी निघाली असती. झाकल्यामुळे ती पिढ्यानपिढ्या पुजली गेली.

मुलीने फडके ओढून काढले. लगेच पेटीचा रहाट नितळ फिरला, पूर्वी कधी फिरला नव्हता तसा. ती यंत्राचार्यांकडे वळली. म्हातारा खाली मान घालून बसला होता.

"आचार्य, तुमचे दाते आमच्या आऱ्यांपेक्षा कितीतरी सुंदर फिरतात," ती म्हणाली. "आमचा खडखडतो. हे आम्हाला शिकवा. माझी शपथ सोडवा, म्हणजे मीही शिकवीन."

"सगळ्यांना शिकवलं, तर मग मला कोण विचारील, पोरी?"

"आजवर लोक तुमच्याकडे नाइलाजाने आले. आता आदराने येतील."

म्हातारा बाह्या सरसावत उठला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "या. जवळ या. दाता असा कोरतात."

त्या वर्षी राज्यातली प्रत्येक मोहोर फुटली. यंत्रशाळेच्या चटया काढून अंगणात अंथरल्या गेल्या आणि शिष्य समोरासमोर बसू लागले. यंत्रशाळेचे दाते आणि गावांची खीळ एकत्र आली, आणि जो रहाट तयार झाला, तो एकटा बैलही ओढू लागला. पुढे तो सीमेपलीकडे गेला. शत्रूच्या राज्यानेही तो उभारला आणि रेताड जमिनीत तो कसा रोवायचा, ही युक्ती परत पाठवली. तो पहिल्यांदा कुणी केला हे लोक पुढे विसरले, पण कड्याकड्यावर पाणी चढत राहिले, आणि घागरी घेऊन ती वाट पुन्हा कुणाला उतरावी लागली नाही.

तात्पर्य: झाकलेल्या ज्ञानात चूकही सुखाने नांदते, सर्वांसमोर उघडे ठेवलेले ज्ञान सर्वांच्या हातांनी निर्दोष होते आणि सर्वांचे होते.